सेगुंदा २०२४-२५: ओविएदो, तार्तिएरे आणि चोवीस वर्षं

नव्वदावं मिनिट
२४ जून २०२५

तीन रात्री झाल्या, तरी डोक्यातून सामना जात नाही. शेवटी लिहायला बसले.

इथे ला लीगाचे धागे भरपूर आहेत, पण त्याखालच्या श्रेणीबद्दल कुणी फारसं लिहीत नाही. मी गेली काही वर्षं स्पेनची दुसरी श्रेणी, म्हणजे सेगुंदा, नेमाने बघते. २२ संघ, ४२ सामने, ऑगस्टपासून जूनपर्यंत. पहिले दोन संघ थेट वर जातात. तिसऱ्या ते सहाव्या क्रमांकाच्या चार संघांत प्लेऑफ होतो आणि त्यातला एकच वर जातो. खालचे चार तिसऱ्या श्रेणीत घसरतात. यंदा लेव्हांते ७९ गुणांसह पहिला आला, एल्चे ७७ गुणांसह दुसरा. त्यांच्यामागे ७५ गुणांवर दोघे होते, ओविएदो आणि मिरांदेस.

शनिवारी २१ जूनला ओविएदोच्या कार्लोस तार्तिएरे मैदानावर याच दोघांत परतीची अंतिम लढत झाली. पहिला सामना मिरांदेसने आपल्या मैदानावर १-० जिंकला होता. आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली, बाहेर पाऊस, घरात सगळे झोपलेले. सुरुवातीलाच मिरांदेसच्या पानिकेलीने गोल केला. एकूण ०-२. मैदान एकदम गप्प झालं. ३९व्या मिनिटाला ओविएदोला पेनल्टी मिळाली आणि चेंडूमागे सांती काझोर्ला उभा राहिला. वय ४०. स्पेनबरोबर दोनदा युरो जिंकलेला, आर्सेनलमध्ये खेळलेला खेळाडू, आपल्या गावच्या क्लबसाठी दुसऱ्या श्रेणीत. गोल. विश्रांतीनंतर ५२व्या मिनिटाला चाइराने दुसरा मारला आणि हिशोब २-२ झाला. जादा वेळेत १०३व्या मिनिटाला पोर्तियोने तिसरा. सामना संपला तेव्हा माझ्या घड्याळात तीन वाजून गेले होते.

ओविएदो २००१ साली पहिल्या श्रेणीतून खाली आला होता. चोवीस वर्षांनी वर गेला.

वर्तमानपत्रांत सगळीकडे काझोर्ला आहे, आणि ते बरोबरच आहे. मला मात्र त्या मैदानाबद्दल बोलायचंय. साडेतीस हजार लोकांचं हे नवं तार्तिएरे सप्टेंबर २००० मध्ये सुरू झालं आणि तिथल्या पहिल्याच हंगामात क्लब घसरला. म्हणजे एवढं मोठं मैदान बांधलं पहिल्या श्रेणीसाठी, आणि त्याला पहिली श्रेणी बघायला मिळाली एकच वर्ष! २००३ मध्ये तर क्लब दुसऱ्या श्रेणीतूनही घसरला. खेळाडूंचे पगार थकले होते, म्हणून शिक्षा म्हणून आणखी एक पायरी खाली, थेट चौथ्या श्रेणीत. शहराच्या कारभाऱ्यांनी तेव्हा दुसऱ्याच एका क्लबला जवळ केलं. रेआल ओविएदो संपला असं सगळे धरून चालले होते. त्या वर्षी, चौथ्या श्रेणीतले सामने बघण्यासाठी, दहा हजारांहून जास्त लोकांनी हंगामी पास काढले.

हे दहा हजार लोक मला शनिवारच्या निकालाचे खरे धनी वाटतात. समोर येणारे संघ आसपासच्या खेड्यांतले, काहींच्या मैदानाला धड कठडा नाही, आणि इकडे हे लोक निळे स्कार्फ बांधून दर रविवारी जातायत. पोर्तियोचा गोल झाला तेव्हा कॅमेरा गर्दीवर फिरला. रडणाऱ्यांत पंचविशीच्या आतली मुलं खूप होती. यांच्या जाणत्या वयात ओविएदो कधीच वर नव्हता. ही निष्ठा त्यांच्याकडे आली कुठून? घरातूनच आली असणार.

तुमच्यापैकी कुणी सेगुंदा बघता का? या हंगामातलं काय लक्षात राहिलं?

---

शाहूपुरीकर
२४ जून २०२५

ताई, धाग्याबद्दल मनापासून आभार. मीबी तीनपर्यंत जागा होतो. पण मी मिरांदेसकडून होतो, आधीच सांगतो.

मिरांदा दे एब्रो हे गाव किती मोठं? लोकवस्ती छत्तीस हजारांच्या घरात. आपल्या जिल्ह्यातलं एखादं तालुक्याचं ठिकाण यापेक्षा मोठं असतंय. त्यांच्या अंदुवा मैदानात सहा हजार माणसंसुद्धा मावत नाहीत. आणि हा संघ ४२ सामन्यांत ७५ गुण काढतो! उपांत्य फेरीत रासिंग सांतांदेरसारख्या जुन्या क्लबशी तिकडं जाऊन ३-३ केलं आणि घरात ४-१ नं मारलं. अंतिम सामन्यातसुद्धा दुसऱ्या लढतीच्या पहिल्या अर्ध्या तासापर्यंत दोन गोलनं पुढं होते. एक तास टिकले असते तर स्पेनच्या पहिल्या श्रेणीत बार्सिलोना अंदुवावर खेळायला आली असती.

कोल्हापुरात आम्ही तालमींचं फुटबॉल बघत मोठे झालो. पेठेतला पोरगा पेठेच्या संघातनं खेळतो आणि अख्खी पेठ शाहू स्टेडियमवर असते. म्हणून मिरांदेस बघितलं की आपलं वाटतं. काझोर्लाबद्दल आदर आहेच, पण शनिवारी मला त्या पोरांसाठी वाईट वाटलं.

---

मांडवीकाठ
२४ जून २०२५

शाहूपुरीकर, मिरांदेसची २०१२ची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेलच. तेव्हा ते तिसऱ्या श्रेणीत होते आणि कोपा देल रेच्या, म्हणजे स्पेनच्या राष्ट्रीय चषकाच्या, उपांत्य फेरीपर्यंत गेले. पहिल्या श्रेणीतले क्लब हरवत. त्यांचा पाब्लो इन्फान्ते त्या स्पर्धेत सर्वाधिक गोल करणारा ठरला, आणि हा माणूस बँकेत नोकरी करायचा. सकाळी बँक, संध्याकाळी सराव. २०२० मध्ये ते पुन्हा कोपाच्या उपांत्य फेरीत पोचले. म्हणजे यंदाचं हे एकाएकी घडलेलं नाही.

आता गोव्याचं सांगतो. इथल्या लोकांना सेगुंदा म्हणजे दूरचं काही वाटू नये. एफसी गोवाचा एदू बेदिया आठवतो? २०१७ ला आला, सहा वर्षं आपल्या फातोर्डा मैदानावर खेळला, कप्तान झाला. तो सांतांदेरचा, रासिंगमध्ये वाढलेला, आणि इथे येण्याआधी ओविएदो आणि झारागोझा या दोन्ही सेगुंदा क्लबांतून खेळलेला. तार्तिएरेच्या गवतावर तो आपल्या आधी उभा राहिलाय. आणि कोरो! फेर्रान कोरोमिनास. गोव्यासाठी ५७ सामन्यांत ४८ गोल. हा कोरो २०१३ मध्ये एल्चे सेगुंदा जिंकून वर गेला त्या संघात होता. यंदा एल्चे पुन्हा वर गेला तेव्हा मला पहिला आठवला तोच.

फातोर्ड्यात बेदिया चेंडू पायाखाली धरून मान वर करायचा, तेव्हा सगळं मैदान क्षणभर थांबायचं. तो खेळ सेगुंदात घडलेला आहे. तिथल्या मधल्या फळीतल्या माणसांना चेंडू सांभाळण्याची जी सवय असते ती फार वेगळी.

---

कोपरा
२५ जून २०२५

एक शंका. २-१ झाल्यावर एकूण २-२ होतं. जादा वेळेतही तसंच राहिलं असतं तर पेनल्टी शूटआउट झालं असतं ना? मग समालोचक मिरांदेसलाच गोल हवा असं का म्हणत होते?

---

नव्वदावं मिनिट
२५ जून २०२५

@कोपरा, सेगुंदाच्या प्लेऑफमध्ये पेनल्टी शूटआउट नसतं. जादा वेळेनंतरही बरोबरी राहिली तर हंगामात वर असलेला संघ जातो. ओविएदो आणि मिरांदेसचे गुण सारखे, पण तक्त्यात ओविएदो तिसरा आणि मिरांदेस चौथा. त्यामुळे २-२ ओविएदोला पुरेसं होतं.

मला हा नियम आवडतो. दहा महिने जे कमावलं त्याला शेवटच्या रात्रीही काही वजन राहतं. पण तो किती क्रूर होऊ शकतो हे लेव्हांतेच्या लोकांना विचारा. जून २०२३, लेव्हांते तिसरा, आलावेस चौथा. पहिला सामना ०-०. दुसराही ०-०, नव्वद मिनिटं झाली, जादा वेळ संपत आली. गोल न होता शिट्टी वाजली की लेव्हांते वर. आणि अगदी शेवटी व्हीएआरने (व्हिडिओ बघणाऱ्या पंचांनी) हँडबॉल दाखवला, पेनल्टी. १२९व्या मिनिटाला व्हियालिब्रेने ती मारली. मैदानही लेव्हांतेचंच होतं. त्या रात्री मी संगणक बंद केला आणि दोन आठवडे फुटबॉल पाहिला नाही.

---

थेम्सकाठचा
२५ जून २०२५

लेव्हांतेचा विषय निघालाच आहे तर थोडं लिहितो, कारण अजिंक्य संघाबद्दल कुणीच बोललेलं नाही.

त्या २०२३च्या घावानंतर क्लब कर्जात. नवे महागडे खेळाडू घेणं शक्य नव्हतं. ला लीगा प्रत्येक क्लबला पगारखर्चाची मर्यादा ठरवून देते, ती क्लबच्या उत्पन्नाशी आणि देण्याशी बांधलेली असते, त्यामुळे उधारीवर संघ बांधता येत नाही. (ओविएदोचं २००३ मध्ये जे झालं ते पुन्हा होऊ नये हाच या नियमाचा हेतू.) अशा क्लबवर प्रशिक्षक म्हणून आला हुलियान कालेरो. हा माणूस पूर्वी माद्रिदमध्ये पोलीस खात्यात नोकरीला होता, २०१८च्या विश्वचषकात स्पेनच्या संघाबरोबर सहायक होता, आणि नंतर बुर्गोस व कार्ताहेना अशा छोट्या क्लबांत काम केलेला.

हंगाम चालू असताना २९ ऑक्टोबर २०२४ ला व्हॅलेन्सिया प्रांतात तो भीषण पूर आला. दोनशेहून जास्त माणसं गेली. लेव्हांते त्याच शहरातला क्लब. सामने पुढे ढकलले गेले. संघ पुन्हा मैदानावर उतरला तेव्हा प्रेक्षकांत घरं गमावलेली माणसं होती. मी त्या वेळी तिथल्या एका सहकाऱ्याशी रोज बोलत होतो. तो म्हणायचा की चिखल उपसून झाल्यावर कशाबद्दल बोलायचं कळत नाही, म्हणून लेव्हांतेबद्दल बोलतो.

आणि मग २५ मे. एक सामना शिल्लक असताना बुर्गोसमध्ये, कालेरोच्याच जुन्या मैदानावर, २-२ बरोबरी. अगदी अखेरीस कार्लोस आल्व्हारेसचा गोल, ३-२, बढती पक्की. दोन वर्षांपूर्वी शेवटच्या क्षणी गेलेलं शेवटच्या क्षणीच परत आलं.

आता ओविएदोबद्दल. नोव्हेंबर २०१२ मध्ये मी इथे इंग्लंडमध्ये नवीन होतो. ओविएदो तिसऱ्या श्रेणीत आणि दिवाळखोरीच्या दारात. काही आठवड्यांत सुमारे वीस लाख युरो उभे करायचे होते. क्लबने शेअर विकायला काढले, एकाची किंमत १०.७५ युरो. आमच्या ऑफिसात फुटबॉलवेडे बरेच, कुणीतरी दुवा पाठवला. काझोर्ला, हुआन माता, मिचू, आद्रियान लोपेस, हे ओविएदोच्या अकादमीत घडलेले खेळाडू, सगळ्यांनी स्वतःचे पैसे घातले होते. त्या वर्षी काझोर्ला आर्सेनलमध्ये, माता चेल्सीत, मिचू स्वानसीत गोलामागून गोल करत होता. जगभरातून हजारो लोकांनी एकेक दोनदोन शेअर घेतले. मीही दोन घेतले. साडेएकवीस युरो. तेव्हा माझा पगार बेताचा होता, बायकोला सांगितलं तेव्हा तिने विचारलं, "हे गाव आहे कुठे?" नकाशा काढून दाखवला. मुदत संपता संपता मेक्सिकोच्या कार्लोस स्लिम यांच्या समूहाने मोठी रक्कम घातली आणि क्लब वाचला. (आता मालकी मेक्सिकोच्याच पाचूका समूहाकडे आहे.) पण स्लिम येण्याआधी लोकांनी तग धरून दाखवला होता. नाहीतर ते आलेच नसते.

शनिवारी बायको शेजारी बसली होती. पोर्तियोचा गोल झाल्यावर म्हणाली, "आपले साडेएकवीस युरो कामाला आले." मला बोलता येईना.

---

मांडवीकाठ
२५ जून २०२५

वाचून अंगावर काटा आला, थेम्सकाठचा. ते शेअर कुणाला देऊ नका.

---

शाहूपुरीकर
२६ जून २०२५

दादा, तुमचं वाचून ओविएदोवरचा माझा राग गेला.

पण मिरांदेसबद्दल माझं एक म्हणणं आहे, ते मांडतोच. यंदाच्या त्यांच्या संघात लोनवर आलेली पोरं किती होती बघा. पानिकेली आलावेसचा. मधल्या फळीतला गोर्रोचातेगी रेआल सोसिएदादचा. इझेता आणि रिंकोन अ‍ॅथलेटिक बिल्बाओचे. मोठ्या क्लबांची तरुण पोरं वर्षभरासाठी येतात, इथं घडतात, जूनमध्ये आपल्या क्लबला परत. म्हणजे मिरांदेसनं दर उन्हाळ्यात कोऱ्या पाटीवर संघ लिहायचा. पाया कधी पडायचा? गावानं जीव लावायचा कुणाला? ओविएदोच्या लोकांकडं निदान काझोर्ला आहे, जो त्यांचाच आहे.

---

नव्वदावं मिनिट
२६ जून २०२५

तुमचा मुद्दा मला पटतो, आणि पूर्ण पटत नाही. पटतो तो असा, की या व्यवस्थेत लहान क्लब मोठ्यांची शाळा होऊन बसतो. फी मोठ्यांना, मेहनत लहानांची. पण छत्तीस हजारांच्या गावाला सेगुंदाच्या दर्जाचे खेळाडू विकत घेणं शक्यच नाही. बिल्बाओ आणि सान सेबास्तियान तिथून जवळ, तिथल्या अकादम्या उत्तम, आणि एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांना खेळायला मैदान हवं असतं. मिरांदेसने आपल्या जागेचा हा फायदा ओळखला. आलेस्सियो लिशीसारखा प्रशिक्षक नवख्या मुलांना सहा महिन्यांत संघ करून दाखवतो, तेही पायाच घालणं आहे. तो पाया मैदानात दिसत नाही, पण ते वर्षानुवर्षं सेगुंदात टिकून आहेत तो त्याच्याच जोरावर.

गावाने जीव कुणाला लावायचा? शर्टाला लावतात. अंदुवात सामना असतो तेव्हा ते तांबडे शर्ट घातलेली आजी-आजोबांपासूनची माणसं दिसतात. त्यांना ठाऊक असतं की हा मुलगा जूनमध्ये जाणार आहे. तरी त्याचं नाव घेऊन ओरडतात.

---

कोपरा
२७ जून २०२५

रासिंगचं कुणीच लिहीत नाही? हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात बराच काळ तेच वर होते. आणि पाचव्या क्रमांकावर संपले.

---

मांडवीकाठ
२७ जून २०२५

रासिंगचं दुखणं आपल्यालाही थोडं लागतं. जानेवारी २०११ मध्ये भारतात जन्मलेल्या एका उद्योजकाने तो क्लब विकत घेतला होता. मोठमोठी आश्वासनं, विजयानंतर मैदानावर येऊन जल्लोष. काही महिन्यांत पैसा यायचा थांबला, क्लब न्यायालयाच्या देखरेखीखाली गेला. २०१२ मध्ये पहिल्या श्रेणीतून घसरला, लगेच २०१३ मध्ये दुसऱ्या श्रेणीतूनही. जानेवारी २०१४ मध्ये कोपाच्या सामन्यात रासिंगच्या खेळाडूंनी थकलेल्या पगारासाठी मधल्या वर्तुळात एकत्र उभं राहून खेळायला नकार दिला, तो प्रसंग अनेकांनी पाहिला असेल. शंभर वर्षांहून जुना क्लब, स्पॅनिश लीगच्या पहिल्या हंगामातला. बेदियाचं हेच घर. त्यांचं एल सार्दिनेरो मैदान अजून भरतं. मला त्यांना पुढच्या वर्षी वर बघायचंय.

---

थेम्सकाठचा
२७ जून २०२५

आणि खाली गेलेल्यांचीही नोंद राहू दे इथे: कार्ताहेना, रासिंग फेर्रोल, टेनेरिफे, एल्देन्से. टेनेरिफे बारा वर्षांनी तिसऱ्या श्रेणीत गेला. बेटावरचा क्लब, दर दुसऱ्या आठवड्याला विमानाने मुख्य भूमीवर जायचं. तिसऱ्या श्रेणीतही तो प्रवास तेवढाच, उत्पन्न मात्र कितीतरी कमी. वर जाणाऱ्यांच्या आनंदात हे हिशोब विसरले जातात.

---

कोपरा
२८ जून २०२५

काझोर्लाच्या पायाचं काहीतरी मोठं झालं होतं ना? आणि या वयात, एवढा पैसा कमावल्यावर सेगुंदात का आला?

---

नव्वदावं मिनिट
२९ जून २०२५

@कोपरा, हे नीट लिहायचं म्हणून एक दिवस थांबले.

काझोर्ला ओविएदोजवळच्या ल्यानेराचा. क्लबच्या अकादमीत वाढला. २००३ मध्ये तो अठराचा असताना क्लब कोसळला आणि त्याला व्हियारेआलला जावं लागलं. ओविएदोच्या मुख्य संघातून एकही सामना न खेळता गेला. पुढे व्हियारेआल, मालागा, आर्सेनल. स्पेनसाठी २००८ आणि २०१२चा युरो.

ऑक्टोबर २०१६ नंतर उजव्या घोट्याच्या दुखण्याने तो आर्सेनलसाठी पुन्हा खेळू शकला नाही. शस्त्रक्रियांवर शस्त्रक्रिया, दहाच्या आसपास. जखमेत जंतुसंसर्ग झाला, मांस सडलं, टाचेवरच्या मुख्य स्नायुबंधाचे आठ-दहा सेंटिमीटर नाहीसे झाले. मुलाबरोबर बागेत चालता आलं तरी समाधान मान, असं त्याला डॉक्टरांनी सांगितलं होतं. स्पेनमध्ये व्हितोरियाला पुन्हा उपचार झाले, तेव्हा घोट्यावर लावायला त्याच्या डाव्या हाताची कातडी काढावी लागली. त्या हातावर त्याच्या मुलीचं नाव गोंदलेलं होतं. मुलीचं नाव इंडिया. आता ते नाव अर्धं हातावर आणि अर्धं घोट्यावर आहे.

२०१८ मध्ये तो व्हियारेआलकडून पुन्हा मैदानात उतरला, २०१९ मध्ये स्पेनच्या संघातही परतला. मग तीन वर्षं कतारमध्ये. ऑगस्ट २०२३ मध्ये ओविएदोला आला. त्याला फुकट खेळायचं होतं, पण व्यावसायिक लीगच्या नियमात ते बसत नाही, म्हणून त्याने लीगचं किमान वेतन घेतलं. आणि त्याच्या नावाच्या शर्टच्या विक्रीतले दहा टक्के क्लबच्या अकादमीला द्यावेत अशी मागणी केली. त्याच अकादमीला, जी त्याला अर्ध्यावर सोडावी लागली होती.

पहिल्या हंगामात, जून २०२४ मध्ये, ओविएदो प्लेऑफच्या अंतिम लढतीत पोचला. घरी एस्पान्योलवर १-० आघाडी घेतली आणि बार्सिलोनात पुआदोच्या दोन गोलनी हरला. खूप जणांना वाटलं, आता संपलं, एकोणचाळीस वर्षांचा माणूस पुन्हा ४२ सामन्यांच्या चक्रात कशाला पडेल. तो पडला. यंदा मार्चमध्ये गाडी घसरली तेव्हा प्रशिक्षक कायेहा यांना काढून पाउनोविचला आणलं. हा पाउनोविच २००१ मध्ये घसरलेल्या ओविएदोच्या संघात खेळाडू होता! मला वाटतं, ही नेमणूक करताना क्लबने फक्त डावपेचांचा विचार केला नसावा. उपांत्य फेरीत आल्मेरियाने (सुआरेस त्यांचा, हंगामात २७ गोल करणारा) तार्तिएरेवर आघाडी घेतली, तेव्हा काझोर्लाने फ्री किकवरून बरोबरी साधली. अंतिम सामन्यात ती पेनल्टी.

वीस वर्षं पहिल्या श्रेणीत आणि राष्ट्रीय संघात खेळलेल्या या माणसाने आपल्या क्लबकडून पहिल्या श्रेणीत जून २०२५ पर्यंत एकही सामना खेळलेला नव्हता.

---

शाहूपुरीकर
२९ जून २०२५

ताई, शेवटचं वाक्य वाचून उठून बसलो. ऑगस्टात तार्तिएरेवरच्या पहिल्या सामन्याला मी जागा राहणार.

---

थेम्सकाठचा
३० जून २०२५

बायकोला वाचून दाखवलं. ती तिकिटांचे दर बघत बसली आहे.

---

शाहूपुरीकर
२० जुलै २०२५

धागा वर आणतोय. लिशी ओसासुनाला गेला. पानिकेलीला आलावेसनं फ्रान्सच्या स्त्रासबूरला विकलं. गोर्रोचातेगी आणि इझेता आपापल्या क्लबला परत गेले. मिरांदेसचा नवा संघ सरावाला लागलाय, त्यातली बरीच नावं मला अजून पाठ नाहीत. करतोय.